नमस्कार आणि नकार

पावसाळा लागला, कीं आमच्या चिंचोटीस जणूं यात्रा भरते. तुंगारेश्वराच्या रानांत धबधबा कोसळूं लागतो आणि तो पाहावयास मुंबई-ठाण्याकडील तरुण मंडळींची रीघ लागते. तेथील पाण्यांत आजवर अनेकांचे प्राण गेले, म्हणून अलीकडे पावसाळ्यांत तिकडे जाण्यास मनाईचे हुकूम निघतात. परंतु हुकूम कागदावर आणि मंडळी नाक्यावर, अशी स्थिति असते. मुंबई-अहमदाबाद महामार्गास जेथें कामणवरून भिवंडीकडे जाणारा रस्ता फुटतो, तो आमचा नाका. ह्याच नाक्यावर गेल्या ज्येष्ठांत जो प्रकार घडला, त्यावरून आजचा लेख लिहावयास बसलों आहों.

आमचा धाकटा नातू बारा वर्षांचा आहे. त्याची बुद्धि वयाच्या मानानें मागें आहे. चालणें, जेवणें, कपडे घालणें हें सर्व त्यास येतें. बोलणें मोजकें, पण स्पष्ट आहे. घरीं आलेल्या वडीलधाऱ्या माणसास वांकून नमस्कार करणें तर त्यास इतकें उत्तम साधलें आहे कीं, पाहुणे कौतुकानें त्याच्या पाठीवरून हात फिरवितात. हा नमस्कार आम्हीं स्वतः शिकविला होता व त्याचा आम्हांस अभिमान होता.

त्या दिवशीं त्याची आई त्यास घेऊन नाक्यावरील किराणा दुकानांत गेली होती. पैसे मोजून देण्यास ती वळली, तेवढ्यांत मुलगा दिसेनासा झाला. दहा मिनिटें शोध चालला. महामार्गावर अवजड गाड्यांची धांव, त्यांत धबधब्याच्या मंडळींची गर्दी. आईच्या जिवाचें काय झालें असेल, तें वाचकांस सांगावयास नको. शेवटीं एका ओळखीच्या रिक्षावाल्यानें त्यास रस्त्याच्या पलीकडे एका अनोळखी गृहस्थाचा हात धरून उभा असलेला पाहिला व परत आणिलें. त्या गृहस्थाचा कांहींच दोष नव्हता. मुलगा रस्त्याच्या कडेला एकटा उभा होता. त्यास पलीकडे जावयाचें असावें असें समजून त्यांनीं 'चल बाळ' म्हटलें आणि हात पुढें केला. मुलानें तो धरला.

सायंकाळीं आम्हीं त्यास जवळ घेऊन विचारलें, "तूं त्यांच्याबरोबर कां गेलास?"

तो म्हणाला, "मोठे होते."

पुन्हां विचारलें, तर तेंच उत्तर. 'मोठ्यांचें ऐकावें' हा धडा आम्हींच त्याच्याकडून कैक वर्षें घोकवून घेतला होता, आणि त्यानें तो तंतोतंत पाळला. चूक विद्यार्थ्याची नव्हती, मास्तरांची होती. ते गृहस्थ भले निघाले हें आमचें दैव. आमच्या शिकवणुकीनें त्यांत कांहींच केलें नव्हतें.

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं, आणि एक जुनी गोष्ट पुनःपुन्हां मनांत येऊं लागली. आमच्या मास्तरकीच्या आरंभींच्या वर्षांत वर्गांत शेवटच्या बांकावर एक मुलगा बसे. त्यास बेरीज येत नसे, धडा वाचतां येत नसे. इतर मुलें त्यास म्हणत, 'जा, गुरुजींची छडी खिडकींतून बाहेर टाक,' आणि तो उठून टाकी. कोणीं आपणांस कांहीं करावयास सांगितलें ह्याचाच त्यास आनंद होई. शिक्षा आम्हीं त्यासच केली, एकदां नव्हे, अनेकदां. सांगणारीं मुलें हंसत बसलीं. चौथींतून त्यानें शाळा सोडली. शाळा कोणती, हें सांगण्याचें कारण नाहीं. दोष शाळेचा नव्हता, आमचा होता. ज्या अंगानें तो मुलगा दुबळा होता, त्याच अंगानें आमचा नातू दुबळा आहे, हें कळावयास आम्हांस निवृत्त व्हावें लागलें.

ह्या सदराच्या वाचकांकडून येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न वारंवार असतो. घरांत असें एक मूल आहे. त्यास अक्षरओळख होईल, न होईल. पण चार माणसांत कसें बसावें, कसें बोलावें, हें त्यास कसें शिकवावें? आजवर ह्याचें उत्तर आम्ही टाळीत आलों. आम्ही जुने मॅट्रिक, संस्कृत वडिलांपाशीं शिकलेले. मानसशास्त्राची पदवी आमच्यापाशीं नाहीं. परंतु नाक्यावरील प्रसंगानंतर नातवाच्या विशेष शाळेंतील बाईंपुढें आम्ही विद्यार्थी होऊन बसलों, आणि चार महिन्यांत जें शिकलों, तें वाचकांपुढें ठेवणें आतां कर्तव्य वाटतें.

प्रथम शब्दांचा उलगडा करूं. आमच्या लहानपणीं अशा मुलास खुळा, वेडसर, फार झालें तर मंदबुद्धि म्हणत. पुढें मतिमंद हा शब्द रूढ झाला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यांत बौद्धिक अक्षमता असा शब्द असून स्वमग्नतेचा उल्लेख निराळा केला आहे. ही स्थिति म्हणजे वेड नव्हे, पूर्वजन्मींचें पाप नव्हे, आणि मातेच्या संगोपनांतील उणीव तर मुळींच नव्हे. जन्मापूर्वीं, जन्माच्या वेळीं किंवा बालपणीं मेंदूच्या वाढीस बाध आला, कीं ती उद्भवते. कांहींचें कारण गुणसूत्रांत असतें, कांहींचें प्रसूतीच्या वेळीं प्राणवायु कमी पडण्यांत, कांहींचें मेंदूच्या तापांत. पुष्कळांचें कारण सांपडतच नाहीं. औषधानें बुद्धि वाढत नाहीं. शिक्षणानें मात्र वागणूक पुष्कळ सुधारते, आणि म्हणूनच तज्ज्ञ नुसता बुद्ध्यंक मोजून थांबत नाहींत. अक्षर, पैसा, वेळ ह्यांची समज. रोजचीं अंगावरचीं कामें. आणि माणसांशीं वागण्याची समज, ह्या तिन्ही बाबतींत मूल कोठें आहे, हें ते पाहतात. ह्यांतील तिसरी बाब हाच आपला आजचा विषय.

इतर मुलें व्यवहार शिकतात, तो बहुधा कोणी न शिकवितां. आईच्या कपाळावरील आंठी पाहून मूल गप्प बसतें. पाहुण्यांपुढें कोणती गोष्ट काढूं नये, हें मोठ्या भावास बसलेला चिमटा पाहून धाकट्यास कळतें. आमच्या नातवाच्या थोरल्या बहिणीस दुकानांत रांगेंत उभें राहावें, हें कोणींहि सांगितलेलें नाहीं. तेंच नातवास मात्र कळत नाहीं. चेहऱ्यावरील आंठी त्यास दिसते, पण तिचा अर्थ लागत नाहीं. 'जरा समजून वाग' हें वाक्य त्याच्यापुरतें परक्या भाषेंतलें असतें. स्वमग्न मुलाची अडचण आणखी निराळी. त्यांतील कांहींची बुद्धि उत्तम असते. परंतु समोरच्याच्या मनांत काय चाललें आहे, ह्याचा अदमास त्यांस लागत नाहीं, आणि डोळ्यांस डोळा भिडविणें कित्येकांस क्लेशाचें होतें. अशा मुलाचें तोंड बळेंच आपल्याकडे वळवून 'माझ्याकडे पाहून बोल' म्हणणें हा शिष्टाचार नव्हे, जाच आहे. जें इतरांस आपोआप येतें, तें ह्या मुलांस वर्णमालेसारखें अक्षर-अक्षर शिकवावें लागतें, एवढें ध्यानांत आलें म्हणजे अर्धा राग निवतो.

आतां शिकवावयाचें कसें? संस्कृत शिकलेल्या वाचकांस पंचतंत्राचा आरंभ आठवत असेल. महिलारोप्य नगरीचा राजा अमरशक्ति ह्याचे तिघेहि पुत्र विद्येला विन्मुख होते. ऐंशी वर्षांच्या विष्णुशर्म्यानें त्यांस सहा महिन्यांत नीति शिकविण्याचें पत्करलें आणि तें गोष्टी सांगून पार पाडलें. त्या राजपुत्रांस आजची संज्ञा लावणें योग्य होणार नाहीं. परंतु विष्णुशर्म्याची रीत पाहा: त्यानें विद्यार्थ्यांस नांवें ठेवण्याऐवजीं शिकविण्याची तऱ्हा बदलली, आणि नियम सुटा न सांगतां प्रसंगांत बसवून सांगितला. अमेरिकेंतील कॅरल ग्रे ह्या शिक्षिकेनें १९९० च्या सुमारास स्वमग्न मुलांसाठीं ज्या छोट्या 'सामाजिक गोष्टी' लिहावयास आरंभ केला, त्यांतहि नियम प्रसंगांतच बसविलेला असतो. फरक एवढाच कीं, तेथें कोल्हे-माकडें नाहींत. मुलाच्या स्वतःच्याच आयुष्यांतील एक प्रसंग घ्यावयाचा आणि चार-सहा सोप्या वाक्यांत तेथें काय घडतें, लोक काय करतात, व मला काय करतां येईल, हें लिहावयाचें. हा फरक महत्त्वाचा आहे. माकड आणि मगर ह्यांची गोष्ट ऐकून आमचा नातू जांभळें मागतो. नव्या मित्रापासून सावध असावें, हें तात्पर्य त्याच्या हातीं लागत नाहीं. अशा मुलांसाठीं गोष्ट त्यांचीच असावी आणि तात्पर्य उघड सांगितलेलें असावें.

ह्या शिक्षणाचा इतिहासहि मनोरंजक आहे. फ्रान्समध्यें अव्हेरॉनच्या रानांत सांपडलेल्या एका मुलास इतार नांवाच्या डॉक्टरानें १८०० नंतर माणसांत आणण्याचा प्रयत्न केला. त्याचा शिष्य सेगँ ह्यानें पुढें बौद्धिक अक्षमतेच्या मुलांसाठीं शाळा काढली. ह्या दोघांचे ग्रंथ अभ्यासून रोमच्या डॉक्टर मारिया माँटेसरी ह्यांनीं आपली पद्धति प्रथम अशाच मुलांवर बसविली, आणि १९०७ सालीं इतर मुलांसाठीं बालगृह उघडलें तें त्यानंतर. ज्या पद्धतीच्या बालशाळेंत मुलास घालण्यासाठीं आज सुशिक्षित आईबाप रांगा लावतात, ती मुळांत ह्या मागें पडलेल्या मुलांकडून आलेली देणगी आहे.

माँटेसरींच्या विचारांतून स्फूर्ति घेतलेलें मोठें काम आमच्या ह्याच भागांत झालें. ताराबाई मोडक ह्यांनीं १९४५ सालीं बोर्डीस आणि १९५७ सालीं कोसबाडच्या टेकडीवर मुलांच्या शिक्षणाचें कार्य उभें केलें; अनुताई वाघ त्यांच्या सहकारी. तेव्हां हा मुलूख ठाणें जिल्ह्यांत होता. पालघर जिल्हा २०१४ सालीं निराळा झाला. वारली मुलें गुरें राखावयास जातात म्हणून शाळेंत येत नाहींत, असें दिसतांच ह्या दोघींनीं कुरणांतच शाळा भरविली. तीं मुलें बुद्धीनें उणीं नव्हतीं. परंतु मूल जेथें आहे तेथें धडा न्यावा, हें त्यांचें तत्त्व आमच्या कामासहि लागू पडतें. नाक्यावर कसें वागावें, हें माजघरांत पाटावर बसवून शिकवितां येत नाहीं.

खास अशा मुलांसाठीं महाराष्ट्रांत ज्या शाळा निघाल्या, त्यांच्यामागें बहुधा कोणातरी माउलीची तळमळ आहे. मुंबईस जय वकील ह्या बाईंनीं आपल्या मुलीच्या निमित्तानें १९४४ सालीं शाळा काढली. पुण्यास १९६४ सालीं सिंधुताई जोशी ह्यांनीं कामायनी, आणि नाशकास १९७७ सालीं रजनीताई लिमये ह्यांनीं प्रबोधिनी स्थापन केली. रजनीताईंचा स्वतःचा मुलगा अशांपैकींच एक होता. जय वकील संस्थेनें तयार केलेला 'दिशा' हा अभ्यासक्रम आतां महाराष्ट्र शासनानें विशेष शाळांसाठीं स्वीकारला आहे. २०१६ च्या कायद्याप्रमाणें निदान चाळीस टक्के अक्षमतेचा दाखला असलेल्या मुलास सहा ते अठरा वर्षें वयापर्यंत जवळच्या शाळेंत अथवा पसंतीच्या विशेष शाळेंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. लोक काय म्हणतील म्हणून कित्येक घरांत हा दाखलाच काढीत नाहींत. मुलाचा हक्क लोकलज्जेपायीं दडवून ठेवूं नये.

तथापि, शाळेंत मूल पांच तास असतें आणि घरीं एकोणीस. म्हणून घरांत काय करावें, तें आमच्या अनुभवावरून सांगतों.

बाईंनीं आम्हांस पहिला धडा दिला तो हा, कीं एका वेळीं एकच गोष्ट घ्यावी आणि तिचीं पावलें पाडावीं. आम्हीं दुकानांतून एक वस्तु विकत आणणें, ही गोष्ट निवडली. कागदावर पावलें मांडलीं तेव्हां तीं सात निघालीं: शेवटच्या माणसाच्या मागें उभें राहणें, पाळी येईपर्यंत थांबणें, पाळी आल्यावर पुढें होणें, 'काकू, बिस्किटपुडा द्या' म्हणणें, नोट देणें, सुटे पैसे घेणें, 'येतों' म्हणून निघणें. पस्तीस वर्षें मास्तरकी केली, पण बिस्किटपुडा विकत घेणें ही सात धड्यांची विद्या आहे, हें आम्हांस प्रथमच कळलें.

दुसरें, आरंभ शेवटाकडून करावा. पहिलीं सहा पावलें आम्ही करीत असूं आणि 'येतों' एवढें तो म्हणे. तें पक्कें झाल्यावर सुटे पैसे घेणें त्याच्याकडे दिलें, मग नोट देणें. असें मागें मागें येत गेलों. ह्या रीतीचा गुण असा, कीं प्रत्येक फेरी मुलाच्या हातून पुरी होते व यशाची गोडी त्याच्या पदरांत पडते. तिसरें, आधीं करून दाखवावें, मग हातास हात लावून करवावें, मग नुसतें बोटानें सुचवावें, आणि मग सुचविणेंहि सोडावें. शेवटचें पाऊल आम्हांस फार जड गेलें. मुलगा दोन क्षण घोटाळला कीं आमच्या तोंडून शब्द निघून जाई. बाई म्हणाल्या, "आजोबा, मनांतल्या मनांत दहा अंक मोजा." बहुतेक वेळां सातआठ अंकांतच त्यास आपलें आपण आठवे.

चौथें, शाबासकी तत्काळ द्यावी व ती नेमकी असावी. 'शहाणा माझा बाळ' ह्यानें त्यास काय साधलें तें कळत नाहीं. 'रांगेंत थांबलास, छान केलेंस' ह्यानें कळतें. पांचवें, एका ठिकाणीं आलें म्हणजे सगळीकडे आलें, असें समजूं नये. नाक्यावरील दुकानांत तो तरबेज झाल्यावर आम्ही त्यास नायगांवच्या बाजारांत घेऊन गेलों. तेथें दुकानावर काकू नव्हत्या, एक पोक्त गृहस्थ होते. 'काकू, बिस्किटपुडा द्या' हें वाक्य तेथें चालेना, आणि मुलगा रडावयास लागला. त्यानें व्यवहार शिकला नव्हता, ती एक जागा शिकली होती. तेव्हांपासून एकच धडा आम्हीं तीनचार दुकानांत गिरविला.

हें सर्व ठीक चाललें. पण ज्या गोष्टीमुळें हा उद्योग आरंभिला, ती अजून राहिलीच होती. परका कोण आणि आपला कोण, हें त्यास कसें समजवावें? ह्या कामीं त्याच्या बहिणीनें मोठें साह्य केलें. आमच्या शेजारचें जूचंद्र गांव रांगोळीच्या कलेसाठीं प्रसिद्ध आहे, आणि पोरीला तिचें वेड आहे. बाईंनीं वर्तुळांची पद्धत सांगितली होती. पोरीनें अंगणांत रांगोळीचीं एकांत एक अशीं चार वर्तुळें काढलीं. मधोमध तो स्वतः. पहिल्या वर्तुळांत घरचीं माणसें: ह्यांच्या गळ्यांत पडावें, मांडीवर बसावें. दुसऱ्यांत मामा, आत्या, शाळेंतील बाई: ह्यांना नमस्कार करावा, हातांत हात द्यावा. तिसऱ्यांत दुकानांतील काकू, रिक्षावाले काका: ह्यांच्याशीं बोलावें, पण त्यांच्याबरोबर घरच्यांस सांगितल्यावांचून जाऊं नये. चौथ्यांत ज्यांस आपण ओळखत नाहीं ते सगळे. घरांतील माणसें वर्तुळांत उभीं राहत आणि तो प्रत्येकाशीं तसतसा वागे. पावसानें रांगोळी पुसली, कीं पोर ती व्हरांड्यांत पुन्हां काढी.

चौथ्या वर्तुळांतील माणसानें 'चल' म्हटलें, तर काय करावयाचें? बाईंचें उत्तर सोपें होतें: मोठ्यानें 'नको' म्हणावें, दोन पावलें मागें सरावें, आणि ओळखीच्या माणसाकडे जाऊन सांगावें. येथें मात्र घरांत वाद उपस्थित झाला.

आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, ह्या घरांत मुलांना मोठ्यांना नको म्हणावयास शिकविणार? आज परक्याला म्हणेल, उद्यां मला म्हणेल."

आमच्याहि मनांत तीच शंका होती. मुलांस नम्रता शिकविण्यांत सगळें आयुष्य गेलें. आतां उतारवयांत नकार शिकवावयाचा! तेवढ्यांत सूनबाई हळूच म्हणाल्या, "आई, त्या दिवशीं त्यानें नको म्हटलें असतें, तर तीं दहा मिनिटें माझ्यावर आलीं नसतीं."

सौभाग्यवती कांहीं बोलल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मात्र त्यांनीं पदर कमरेस खोंवला, व्हरांड्यांतील चौथ्या वर्तुळांत जाऊन उभ्या राहिल्या आणि आवाज बदलून नातवास म्हणाल्या, "चल रे, तुला खाऊ देतें." नातू हंसत त्यांच्याकडे गेला. तेथून आमच्या खऱ्या अभ्यासास आरंभ झाला.

आमच्यासारख्या घरांनीं विचार करण्याजोगी गोष्ट ही आहे. अशा मुलास शिकवितांना आपण आपली सोय पाहतों. तें गप्प बसावें, सांगितलें तें ऐकावें, पाहुण्यांपुढें नमस्कार करावा, म्हणजे तें चांगलें वळणाचें. पण जें मूल सर्वांचें सर्व ऐकतें, तें दुष्टाचेंहि ऐकतें. ज्यास भल्याबुऱ्याची पारख आपोआप येत नाहीं, त्याच्या हातांत 'नको' हा एक शब्द तरी असावयास हवा. कपडे बदलतांना, अंगास हात लावूं देतांना, कोणाच्या घरीं जातांना हाच शब्द त्याचें रक्षण करील. कारण आपण सदैव त्याच्याजवळ असणार नाहीं. ही शेवटची गोष्ट आमच्या वयाच्या माणसास निराळी सांगावी लागत नाहीं.

आणि घरांत त्याच्या 'नको' ला किंमत दिली नाहीं, तर बाहेर तो शब्द त्याच्या तोंडून निघणार नाहीं. हें आम्हांस फार उशिरां कळलें. भाजी नको म्हटलें कीं ताटांत वाढावयाची, कडेवर नको म्हटलें कीं उचलावयाचें, आणि परक्यानें बोलाविलें म्हणजे मात्र त्यानें ठामपणें नकार द्यावा, हें कसें व्हावें? औषध घेणें, रस्त्यावर हात धरणें अशा कांहीं बाबतींत त्याचा नकार चालत नाहीं. त्या बाबी मोजक्या ठेवाव्या व आधींच सांगाव्या. बाकीच्या बाबतींत त्याचा 'नको' घरांतील सर्वांनीं ऐकावा, असा आम्हीं नियम केला. एकत्र कुटुंबाचा येथें फार उपयोग होतो, परंतु एका अटीवर: सर्वांचा शब्द एक पाहिजे. आई म्हणते थांब, आजी म्हणते जाऊं द्या, काका हंसतात, अशा घरांत दहा शिक्षक असून शाळा एकहि नसते. आमच्या घरीं नऊ माणसें आहेत. रोज रात्रीं जेवणानंतर दोन मिनिटें, आज त्यानें काय केलें व उद्यां काय घ्यावयाचें, हें सर्वांनीं ऐकावें असें ठरविलें. त्याच्या चुलतभावंडांस तर आम्हीं निराळें बसवून सांगितलें, कीं त्यास गंमत म्हणून कांहीं करावयास लावाल, तर शिक्षा लावणाऱ्यास होईल, करणाऱ्यास नव्हे. हा न्याय चाळीस वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत व्हावयास हवा होता.

श्रावणांत परीक्षा घेतली. आमचा एक जुना विद्यार्थी वसईस नोकरीस असतो. नातवानें त्यास कधीं पाहिलें नव्हतें. बाईंच्या सल्ल्यानें तो नाक्यावर आला, आणि दुकानापाशीं उभ्या असलेल्या नातवास म्हणाला, "चल बाळ, तुला गाडींतून नेतों." आम्ही पांच पावलांवर आडोशास होतों. नातू त्याच्याबरोबर निघाला. आठ दिवसांनीं दुसरा एक ओळखीचा गृहस्थ आणिला. नातू थोडा घोटाळला, आमच्या दिशेस पाहिलें, आणि त्याच्याहि बरोबर निघाला. त्या दिवशीं घरीं परततांना आमचा धीर खचला होता. बाईंनीं एवढेंच म्हटलें, "आज तो घोटाळला ना? मागच्या वेळीं घोटाळलाहि नव्हता."

भाद्रपदांत, गणपतीचे दिवस संपल्यावर, तिसऱ्यांदां परीक्षा झाली. त्या दिवशीं रस्त्यावर गर्दी होती आणि आम्हांस नीट ऐकूं येत नव्हतें. गृहस्थानें हात पुढें केलेला दिसला. नातवानें त्याच्याकडे पाहिलें, हात जोडून त्यास नमस्कार केला, आणि मग इतक्या मोठ्यानें 'नको' म्हणाला, कीं दुकानांतील काकू दचकून बाहेर आल्या. तो दोन पावलें मागें सरला आणि त्यांच्या जवळ जाऊन उभा राहिला. नमस्कार त्यास ह्या धड्यांत कोणीं सांगितला नव्हता. तो त्याचा स्वतःचा. ही कामगिरी एका दिवसाची आहे आणि पुढच्या वेळीं तो चुकूंहि शकेल, हें आम्ही जाणतों. म्हणून महिन्यांतून एकदां ही उजळणी चालूं ठेविली आहे, आणि नाक्यावर त्यास एकटें अजूनहि सोडीत नाहीं.

गेल्या आठवड्यांत पुण्याहून आमचे एक व्याही आले होते. संवयीनें आम्हीं नातवास हांक मारिली, "ये, आजोबांना नमस्कार कर." तो आपल्या बहिणीशेजारीं बसून ठिपक्यांची रांगोळी रंगवीत होता. त्यानें मान वर केली आणि म्हणाला, "नको आजोबा. आत्तां नको."

बैठकींत क्षणभर शांतता पसरली. आमच्या तोंडावर जुना मास्तर आला होता, हें सौभाग्यवतींनीं ओळखलें असावें, त्या दारांतूनच म्हणाल्या, "नियम कोणीं केला होता?" आम्हीं व्याह्यांस सर्व हकीकत सांगितली. ते भले गृहस्थ हंसले, उठून अंगणांत गेले आणि नातवाजवळ उकिडवे बसून रांगोळी पाहूं लागले. पांच-सात मिनिटांनीं, शेवटचा रंग भरून झाल्यावर, नातवानें हात झटकले आणि त्यांस वांकून नमस्कार केला.

ज्या वाचकांच्या घरीं असें मूल आहे, त्यांनीं आपले अनुभव, विशेषतः फसलेल्या प्रयत्नांचे, आम्हांस अवश्य कळवावे. मूल वयांत येतांना वागणुकीचे जे प्रश्न उद्भवतात, त्यांविषयीं पुढील अंकीं लिहूं.